बाटली एकदाची पोहोचली

पंखा जरा डावीकडे घ्या म्हणताहेत. घेतला. आता नायिकेचे केस उजवीकडे उडताहेत, नायिका प्रेमाने शिडीकडे पाहते आहे, आणि मी डाव्या हाताने पंख्याची मान धरून, गुडघ्यावर पॅड ठेवून, उजव्या हाताने तुला हे लिहितो आहे. (पंखेवाला जेवायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. त्याला शेजारच्या मालिकेत वादळ मिळालं.) अक्षर हललेलं दिसलं तर तो पंखा समज. माझी प्रकृती ठीक आहे.

तीर्थरूप ताई, तुला आणि भाऊजींना नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन केला की भाऊजी उचलतात, थांब हं म्हणतात, मग लांबून तुझा आवाज येतो की मी घरात नाही म्हणून सांगा, आणि भाऊजी परत येऊन सांगतात की ती घरात नाही. भाऊजी सज्जन आहेत. खोटं बोलताना त्यांचा आवाज पडतो. तुझी कंबर कशी आहे? आईच्या डोळ्यांचं काय झालं? (ती मालिका बघते हे मला ठाऊक आहे. मागे तिचा निरोप आला होता, मालिकेतल्या त्या मुलीला म्हणावं आधी हातातली बाटली खाली ठेव आणि मग काय ते बोल. आमच्या मालिकेचं इतकं नेमकं परीक्षण दुसऱ्या कुणी केलेलं नाही.)

तू का रागावलीस हे मला भाऊजींकडूनच कळलं. तुमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी रोज सकाळी टाकीवरचे पंपचालक नमुन्याची बाटली घेऊन यायचे. बाई, टाकीची. ठेवा. इतक्या वर्षांत तुमचं बोलणं ते एवढंच, आणि सगळ्या गावाचं पाणी त्या बोलण्यावर चालायचं. मग मी लिहिलेली मालिका आली. तीत पाणी तपासणारी बाई आणि पंपचालक एकमेकांच्या प्रेमात पडले, आणि तुमच्या ऑफिसातल्या माकडांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. पंपचालक फाटकात दिसले की कुणीतरी मालिकेचं गाणं गुणगुणायचं, कुणी तुला सांगायचं, बाई, आले हो तुमचे. ते बिचारे निवृत्तीला टेकलेले, नातवंडांचे आजोबा. त्यांनी खिडकीशी येणंच सोडलं. बाटली फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे देतात आणि मान खाली घालून जातात. पहारेकरी ती उन्हात ठेवतो. उन्हात तापलेला नमुना टाकीबद्दल काही सांगत नाही, पहारेकऱ्याच्या टेबलाबद्दल सांगतो, हे तूच मला शिकवलंस. तेव्हा तुझा निरोप आला, मालिकेतली बाटली प्रयोगशाळेत पोहोचत नाही तोवर तूही माझ्या घरी पोहोचू नकोस.

बातमी अशी की मालिका बंद होते आहे. आज शेवटचा भाग. (आज चित्रण, आज संध्याकाळी प्रक्षेपण. आमचे भाग ओले असतानाच बाहेर पडतात.) आणि शेवटच्या भागात बाटली पोहोचत नाही, लग्न आहे. सकाळपासून मी लग्नच लिहितो आहे. त्यामुळे तुझ्या घराची पायरी मला या जन्मी दिसेल असं वाटत नाही, म्हणून हे पत्र.

सुरुवात कशी होती ते तुला आठवत असेल, कारण ती तुझीच होती. नळाचं तोंड पुसायचं, त्यावर ज्योत फिरवायची, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, मग निर्जंतुक केलेली बाटली उघडायची, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, ती गार ठेवायची आणि त्याच दिवशी तपासायला न्यायची. पहिल्या भागात आम्ही हे सगळं एकही शब्द न बोलता दाखवलं. एका गल्लीतली मुलं आजारी पडताहेत, का ते कुणाला कळत नाही, आणि एक बाई येऊन त्या गल्लीच्या नळाखाली बाटली धरते. बस. लोक जागेवरून हलले नाहीत. माझ्या भाजीवाल्याने मला विचारलं की घरातला नळ मेणबत्तीवर धरला तर चालेल का. (मेणबत्ती नळावर धरा म्हटलं. त्याचा नळ प्लास्टिकचा निघाला. तो विषय नंतर आम्ही काढला नाही.) मालिकेचं नाव होतं ‘नितळ’.

मग बाटली निसटली. नायिकेच्या हाताला घाम आला होता. पंपचालक झालेल्या नटाने खाली वाकून बाटली झेलली आणि दोघांची बोटं एकमेकांना लागली. दिग्दर्शकांनी तिथे कट म्हणायला हवं होतं, पण नेमकं त्यांचं बिस्किट चहात पडलं आणि ते बिस्किट काढण्यात गुंतले, त्यामुळे दोघं तशीच एकमेकांकडे बघत वाकून राहिली. घडलं ते एवढंच. एका बिस्किटापायी माझी मालिका बुडाली असं मी म्हणणार नाही, पण कुणी म्हटलं तर अडवणारही नाही.

वाहिनीवर एक साहेब आहेत. त्यांना आम्ही आलेखराव म्हणतो, कारण ते येतात तिथे प्रेक्षकसंख्येचा आलेख घेऊन येतात. (सासऱ्यांना भेटायला दवाखान्यात गेले तेव्हा खाटेला अडकवलेला तापाचा आलेख बघून म्हणाले, छान चढतोय.) त्यांनी कागदावरच्या एका टेकाडावर बोट ठेवलं आणि म्हणाले, बोटं लागली तो दिवस हा, लोकांना हे हवंय. मी म्हटलं, साहेब, लोकांना बाटली फुटते की काय याची धास्ती वाटली. ते म्हणाले, धास्ती आणि प्रेम आलेखावर सारखंच दिसतं.

तेव्हापासून धोरण ठरलं. आलेख वर गेला की प्रेम वाढवायचं, कारण लोकांना आवडतंय. खाली आला की प्रेम वाढवायचं, कारण लोकांना कमी पडतंय. नावापुढे एक शब्द चिकटला आणि ‘नितळ प्रीत’ झालं. बाई बाटली घेऊन प्रयोगशाळेकडे निघाली की तो वाटेत उभा. ती बसमध्ये चढली की तो त्याच बसमध्ये, आणि तिला त्याच्या खांद्यावर झोप. मग त्याची जुनी मैत्रीण उगवली. तिच्याही हातात बाटली, पण अत्तराची. मग नायिकेची स्मृती गेली. ती स्वतःचं नाव विसरली, घर विसरली, बाटलीत काय आहे ते विसरली, पण बाटली काही हातातून सोडली नाही. एका प्रेक्षकाने लिहून कळवलं, तुमच्या प्रेमाला आमची ना नाही, पण त्या गल्लीतली मुलं अजून आजारीच आहेत, त्यांचं कुणीतरी बघा. मी ते आलेखरावांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, त्या गल्लीत कुणी देखणं राहतं का?

आणि वारा. जंतू उडून पडू नयेत म्हणून ज्या खोलीत तू उकाड्यातही खिडकी उघडत नाहीस, त्या खोलीत आम्ही केस उडवायला वादळ सोडलं. एका दृश्यात जंतू वाढवून बघायच्या उघड्या काचतबकडीवर नायिकेचा केस पडला आणि नायकाने तो उचलून खिशात ठेवला. ते तू बघितलंस असं भाऊजी म्हणाले. त्या दिवशी जेवली नाहीस असंही म्हणाले.

आता शिडीचं सांगतो. मध्यंतरी नायकाने मुलाखतीत सांगितलं की नायिकेबद्दल त्याला फार आदर आहे, ती त्याला मोठ्या मावशीसारखी आहे. ती त्याच्याहून लहान आहे. (आपल्या परीने त्याला चांगलंच बोलायचं होतं. मावशीवर त्याचा जीव आहे.) त्या दिवसापासून नायिका त्याच्यासोबत एका चौकटीत उभी राहत नाही. तिला बोलावतात तेव्हा तो बाहेर, त्याला बोलावतात तेव्हा ती घरी. तो तिच्या डोळ्यांत बघतो म्हणजे दिव्याच्या स्टँडला टॉवेल बांधलेला असतो, त्याकडे बघतो. ती त्याच्याकडे बघते म्हणजे शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीकडे बघते. मग दोन्ही जोडून, मध्ये बासरी घालून, तीन-तीनदा दाखवतात. वर्तमानपत्राने लिहिलं, असे एकमेकांसाठी जन्मलेले डोळे पडद्यावर क्वचित दिसतात. दिग्दर्शक खाजगीत म्हणतात की शिडीबरोबर तिचं खरंच जमतं.

पंखा बंद करा म्हणताहेत. काहीतरी बिनसलंय. मॅनेजर हातातली फुलं टाकून पळत गेला. थांब.

संध्याकाळ. पुन्हा बसलो आहे, तेही खुर्चीवर, पाठ टेकून. ताई, बाटली पोहोचली. आधी हे वाचून घे, पाणी पी, मग पुढचं वाच.

झालं ते असं. लग्न म्हटलं की दोघं शेजारी उभी हवीत, हे सकाळपासून कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके महिने टॉवेल आणि शिडीवर निभावलं, त्यामुळे लग्नही निभावेल असं सगळे गृहीत धरून बसले होते. मॅनेजर दोन खोल्यांमध्ये येरझारा घालत होता. नायक म्हणाला, मी माफी मागायला तयार आहे, पण ती मला मावशीसारखी आहे हे खरंच आहे. हे मॅनेजरने जसंच्या तसं पलीकडे जाऊन सांगितलं. (माणूस प्रामाणिक असावा, पण इतकाही नसावा.) नायिकेने खोलीचं दार लावून घेतलं. आलेखराव म्हणाले, पडद्याआडून लग्न लावा. मग म्हणाले, फोनवरून लावा. शेवटी त्यांनी शिडीला पांढरं कापड गुंडाळायला लावलं आणि लांबून बघून म्हणाले, वाईट नाही. तेव्हा नायक पोशाखासकट घरी गेला. त्याचं म्हणणं, मी प्रेम शिडीवर केलं नव्हतं, ते तिने केलं होतं. माझं टॉवेलवर होतं.

मग दिग्दर्शक माझ्याकडे वळले. थकलेल्या माणसाच्या आवाजात त्यांनी विचारलं, लेखकमहाशय, दोघं एकत्र लागणार नाहीत असं तुमच्याकडे काही आहे का? ताई, माझ्याकडे गेल्या कित्येक महिन्यांपासून तेवढंच होतं. पाकिटात घडी घालून ठेवलं होतं. पंपचालक खिडकीशी येतो, बाटली पुढे करतो, बाई, गल्लीची. ती म्हणते, ठेवा. तो जातो. ती तपासते. पाण्यात घाण सापडते, ती सांगते नळाची वाहिनी कुठे फुटली असेल, माणसं जाऊन खणतात. संपलं. आलेखरावांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, यात प्रेम कुठाय? मी तोंड उघडणार तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाले, बाटलीत आहे साहेब, नुसतं बघून कळत नाही, तपासावं लागतं. आलेखरावांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, हे वाक्य जाहिरातीत घ्या.

पण प्रयोगशाळा होती कुठे? तिची वधूची खोली झाली होती. तुझ्याकडे नमुने उबेला ठेवायची पेटी असते, तशी आम्ही भाड्याने आणली होती. तिच्यात मंडळींचे जेवणाचे डबे निघाले, गरम. (पेटी चांगल्या स्थितीत आहे एवढं त्यातून सिद्ध झालं.) टेबलाच्या मधोमध बाटली होती, आणि तिच्यात गुलाब. सामानसुमान सांभाळणारे काका म्हणाले, फूल काढतो आणि पुसून देतो. मी म्हटलं, हा नमुना आता कामाचा नाही, ताजा घ्यावा लागेल. हे शब्द माझ्या तोंडून तुझ्या आवाजात निघाले. काका चपापले.

मी स्वतः आवारातल्या नळाशी गेलो. तोंड पुसलं, दिवेवाल्याच्या लायटरने ज्योत फिरवली, पाणी सोडलं आणि उभा राहिलो. मॅनेजर वरून ओरडला, अहो, टाकी रिकामी करताय का! मी म्हटलं, थोडा वेळ वाहू द्यावं लागतं. तो म्हणाला, आपण नाटक करतोय ना? मी म्हटलं, होय, म्हणूनच. (मला काय म्हणायचं होतं ते मलाही नीटसं कळलं नाही, पण तो आत गेला.) बाटली वर थोडी रिकामी ठेवली. बुचाला आतून बोट लागलं नाही, हे शपथेवर सांगतो.

नायक घरी गेलेला, त्यामुळे खिडकीतून बाटली देणारा हात कुणाचा, हा प्रश्न आला. निळी बाही माझ्या हातात चढवली. तेव्हा आज संध्याकाळी तुम्ही जो हात बघितला असेल, निदान आईने बघितला असेल, तो माझा आहे. नखं कापलेली होती, ते नशीब. नायिका दार उघडून आली. पंखा लावू का विचारलं तर म्हणाली, एकदा तरी नको. केस मागे बांधले, हात धुतले, बाटली घेतली, ठेवा म्हणाली, माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. इतकं चांगलं काम तिने वर्षभरात केलेलं नव्हतं. एकाच दमात झालं. नळीच्या आत उपडी ठेवलेल्या छोट्या नळीत हवेचा बुडबुडा धरला की पाण्यात घाण, हे तू मला दाखवलं होतंस. काकांनी त्यासाठी सोडा आणला होता. सोड्याने असा काही फेस काढला की गल्लीच काय, सगळं राज्य आजारी पडलं असतं. शेवटी ड्रॉपरने एकच बुडबुडा सोडला. तो वर चढला आणि टोकाशी टेकून राहिला. सगळे बघत होते. कुणीही बासरी मागितली नाही.

सामान आवरताना नायिका माझ्याजवळ आली आणि तिने विचारलं, मुलं बरी होतात ना? मी म्हटलं, नळाची वाहिनी दुरुस्त झाल्यावर होतील. ती म्हणाली, मग ते लिहा ना, मी म्हणते. एक ओळ वाढवली. तीही घेतली.

मालिका संपली. कुणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही. शिडीवरचं कापड काढलं, दिवेवाला तिच्यावर चढून दिवे उतरवतो आहे. शिडी चढायला असते हे आम्ही विसरलोच होतो. मला इतकं हलकं वाटतं आहे की दुपारचं जेवण राहिलं हे आत्ता लक्षात आलं. उद्या उठून कुणालाही कुणाच्या डोळ्यांत बघायला लावायचं नाही. तुमच्या ऑफिसातल्या मंडळींनीही आजचा भाग बघितला असावा, आणि त्यात गुणगुणण्यासारखं त्यांना काही सापडलं नसावं, एवढीच माझी इच्छा आहे. ते पंपचालक घरी मालिका बघतात की नाही मला माहीत नाही. बघत असले तर त्यांना दिसलं असेल की बाटली दिली, घेतली, आणि त्यात लाजण्याजोगं काही झालं नाही. मला त्यांच्यासाठी एवढंच लिहिता येतं.

आईला नमस्कार सांग. भाऊजींना सांग, तुम्हाला आता खोटं बोलावं लागणार नाही, निदान माझ्यामुळे.

तुझा,
पंख्याच्या तावडीतून सुटलेला धाकटा भाऊ

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायला घेतलं ते एका कामासाठी, ते राहूनच गेलं. निघता निघता आलेखरावांनी मला नवी मालिका दिली. बाटली त्यांना शेवटी फार आवडली, आता असंच एखाद्या कामाचं, साधं, खरं काहीतरी हवंय म्हणाले. मी बोलता बोलता बोलून गेलो की आमचे मेहुणे दातांच्या कवळ्या बनवतात. तेव्हा भाऊजींना विचारून ठेव, मी थोडे दिवस येऊन त्यांच्या कारखान्यात कोपऱ्यात बसलो तर चालेल का. मधे मधे बोलणार नाही. माप कसं घेतात, मेण कसं ओततात, चावताना कुठे टोचतं, एवढंच बघेन. या मालिकेत प्रेम नाही, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट सांगून घेतलं आहे.

ता. क. दुसरा. आत्ताच आलेखरावांचा फोन येऊन गेला. त्यांनी विचारलं, वरची कवळी आणि खालची कवळी वेगवेगळ्या असतात ना? हो म्हटलं. मग म्हणाले, अरे वा. हे भाऊजींना एवढ्यात सांगू नकोस.

सकाळी. पाकीट चिकटवून टपालात टाकायला निघालो, तेवढ्यात भाऊजींचा फोन आला, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. प्रयोगशाळेतून तुझा त्यांना फोन आला होता म्हणाले. पंपचालक आज फाटकाशी थांबले नाहीत, आत खिडकीपर्यंत आले. टाकीची म्हणाले. तू ठेवा म्हणालीस. ते गेले. बाटली गार होती. तपासणीचं काय ते उद्या कळेल, असं भाऊजी म्हणाले.